दोन ठोके म्हणजे धर

पत्रा सरळ करायला दोन माणसं लागतात. एक बाहेरून हातोडी मारतो, दुसरा आतून मुठीत मावणारा लोखंडी ठोकळा पत्र्याला टेकवून धरतो. मारणाऱ्याला धरणारा दिसत नाही. हातोडी आणि ठोकळा बरोबर समोरासमोर आले तर आवाज भरीव येतो आणि पत्रा जागेवर बसतो. चुकले तर पोकळ आवाज येतो, पत्रा फाटतो किंवा धरणाऱ्याचं बोट जातं. म्हणून खुणा ठरलेल्या असतात. या गॅरेजात हातोडीचा एक हलका ठोका म्हणजे पुढे सरक. दोन ठोके म्हणजे धर.

इथे आत धरणाऱ्याला सगळे रेडिओ म्हणत, कारण तो बोलत नसे. नाव ठेवलं त्याच्या दाजींनी, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याने. गिऱ्हाईक काही विचारायला लागलं की दाजी सांगायचे, "त्याला नका विचारू, आमचा रेडिओ बंद असतो."

बंद पडण्याचं कारण घरात होतं. बाप ट्रक चालवायचा आणि घरी आला की फॅनबेल्टने मारायचा. ओरडलं की जास्त मारायचा, त्यामुळे पोरगा ओरडायचं विसरला. मोठी बहीण मधे पडायची आणि तिलाही वळ उठायचे. एक दिवस तिने बापाच्या हातातून बेल्ट हिसकावला आणि तो खाली बसेपर्यंत त्याला झोडपलं. त्यानंतर तिचं लग्न लवकर ठरवण्यात आलं. मुलगा डेंटर होता, म्हणजे गाड्यांचे चेपलेले पत्रे सरळ करणारा, स्वतःचं गॅरेज होतं, डोकं गरम असल्याची ख्याती होती. तिने एकच अट घातली : भाऊ माझ्याबरोबर येईल. दाजी पुढे प्रत्येक नव्या माणसाला ओळख करून देताना म्हणायचे, "एका बायकोवर एक मेहुणा फुकट."

दाजींची ख्याती खोटी नव्हती. ठोकळा इंचभर हलला की हातोडी पत्र्यावरून उठून मेहुण्याच्या खांद्यावर पडायची. रेडिओच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली आहे, ती दाजींनी फेकून मारलेल्या पक्कडीने. ताईने ती पक्कड जमिनीवरून उचलली आणि दाजींच्या गुडघ्यावर हाणली. दाजी बरेच दिवस लंगडत होते. "फिटलं," ताई एवढंच म्हणाली. पुढे तिघांची गाडी रुळावर आली ती अशी. दाजींनी मेहुण्यावर हात टाकणं सोडलं आणि राग गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवला. रेडिओचा हात इतका तयार झाला की दोन ठोके ऐकल्यावर तो डोक्याला विचारायला थांबत नसे. जेवताना दाजींनी वाटी दोनदा आपटली तरी त्याचा डावा हात उघडायचा. ताई हसायची. "अरे, भात वाढायला सांगतायत, धरायला नाही."

पैलवानाची गाडी या गॅरेजात आली तेव्हा ती गाडी म्हणून ओळखू येत नव्हती.

मुळात ती इटलीतल्या एका लहान कारखान्यात हाताने ठोकून बनवलेली, दोन माणसांची, ठेंगणी, उघडी स्पोर्ट्स कार. वर फक्त दुमडता येणारा कापडी टप. अंग ॲल्युमिनियमचं, खाली बारीक नळ्यांचा सांगाडा. शहरात ती बोटीने आली आणि तिचा पहिला मालक होता एक थिएटरवाला. संध्याकाळचा खेळ सुटला की तो टप पाडून थिएटरसमोर येऊन बसायचा, गर्दीने आपल्याकडे पाहावं म्हणून. एका संध्याकाळी गर्दीतून त्याचा भागीदार पुढे आला आणि त्याने तीन गोळ्या झाडल्या. दोन थिएटरवाल्याला लागल्या, एक दारातून आरपार गेली. माणूस स्टिअरिंगवर पडला आणि प्रेत उचलेपर्यंत हॉर्न वाजत राहिला.

थिएटरवाल्याच्या बायकोने सीट बदलून घेतल्या आणि गाडी स्वतः चालवायला लागली. हे दिराच्या मुलाला सहन झालं नाही. किल्ली मागून मिळेना, तेव्हा त्या पुतण्याने काकूचं मनगट पिरगाळलं आणि हाड मोडल्याचा आवाज आल्यावर किल्ली उचलली. तो दुसरा मालक. त्याने ती शर्यतीत पळवली आणि एका वळणावर उलटी केली. शेजारी बसलेला मित्र बाहेर फेकला गेला आणि गाडी त्याच्यावरून घसरत गेली. पुतण्या स्वतः रांगत रस्त्यावर आला. गाडी त्याने स्वस्तात नीट करून घेतली, म्हणजे खड्ड्यांत पुट्टी थापून वर लाल रंग मारला.

तिसरा मालक पैलवान. दारूचा धंदा, मागे चार माणसं, मानेचा घेर मांडीएवढा. त्याला गाडी आवडली म्हणून तो पुतण्याच्या घरासमोर जाऊन तिच्यात बसला आणि किल्ली आणायला सांगितली. "काकांची आठवण आहे हो," पुतण्या म्हणाला. पैलवानाने त्याचं डोकं धरून तोंड दारावर आपटलं. दोन दात पायरीवर पडले. कागद त्याच आठवड्यात पैलवानाच्या बायकोच्या नावावर झाले. पुढे धंद्यातल्या दुसऱ्या टोळीने पैलवानाला भर दुपारी सिग्नलला गाठलं, गजांनी गाडी फोडली आणि रॉकेल ओतून पेटवली. पैलवान बाहेर पडला. पळून जाण्याऐवजी त्याने पेटवणाऱ्यांपैकी एकाची कॉलर धरली आणि त्याला त्याच आगीत टाकलं. त्यासाठी त्याला मोठी शिक्षा झाली. अटक होण्याआधी त्याने जळका सांगाडा ओढत गॅरेजात आणून टाकला. "ठेव रे डेंटर. येतो घ्यायला."

काही महिन्यांनी त्याची बायको कागद घेऊन आली. तिच्या भुवईवर जुनी टाक्यांची खूण होती. तिने दाजींच्या नावावर सही करून दिली. दाजी म्हणाले, "वहिनी, त्यांना विचारलंत का?"

"त्यांनी मला कधी काय विचारलं? ठेवून घ्या ते मढं. माझ्या दारात परत आणू नका, एवढंच."

दाजींनी तो सांगाडा भंगारात घालावा असं सगळ्यांनी सुचवलं. त्यांनी तो मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये घेतला. ते ताईला म्हणाले, "जन्मभर दुसऱ्यांनी मोडलेलं सरळ केलं. एक तरी वस्तू आपली म्हणून बनवू. आणि ही विकायची नाही, आत्ताच सांगतो." दुसऱ्या दिवशी ताई पॉलिश पेपर आणि पाण्याची बादली घेऊन शेडमध्ये बसली.

त्या कामाला वर्षं लागली, कारण पोट भरणारं काम संपल्यावरच ते व्हायचं. ॲल्युमिनियम तापवल्यावर लाल होत नाही, नुसतं वितळून गळून पडतं. म्हणून पत्र्यावर साबण चोळायचा आणि खालून ज्योत द्यायची. साबण काळपट झाला की पत्रा मऊ झाला समजायचं. पुढचे दोन्ही मडगार्ड आणि बॉनेट आगीत गेली होती, ती सपाट पत्र्यातून वाळूच्या पिशवीवर ठोकून नवी काढली. मागचा भाग वाचला होता. तिथली पुट्टी खरवडली तेव्हा पुतण्याचं वळण बाहेर आलं : लांब समांतर चरे, एका जागी पत्रा आत चेपलेला. ड्रायव्हरच्या दारातून पुट्टीचं गोल बूच निघालं आणि पलीकडचा उजेड दिसला. दाजींनी भोकात करंगळी घातली. "हा थिएटरवाला," ते म्हणाले आणि ते भोक भरून टाकलं. सीटच्या बोल्टखाली, जिथे आग पोचली नव्हती, तिथे मूळ रंगाचा ठिपका सापडला. फिकट निळा. ताईने तोच मिसळून घेतला. कापडी टपही तिनेच शिवला, आणि सुई घुसून बोट पिकलं तेव्हा तिने पैलवानाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

इंजिन दुसऱ्या एका मिस्त्रीने चालू करून दिलं. पहिल्या फेरीला दाजी चालवत होते, शेजारी ताई आणि तिसरी सीट नसल्यामुळे मागे दुमडलेल्या टपावर रेडिओ. वळणावर तो पडता पडता वाचला आणि मोठ्याने हसला. भावाचं हसणं आपण तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, असं ताई सांगते.

शिक्षा भोगून पैलवान सुटला तेव्हा ही फेरी ताजी होती.

पहिल्या दिवशी तो एकटा आला. केस पांढरे झाले होते, मान तशीच होती. त्याने गाडीभोवती चक्कर मारली, दार उघडलं आणि आत बसला. पोट स्टिअरिंगला टेकलं.

"छान केलीस रे डेंटर. उद्या नेतो."

"पैलवान, कागद माझ्या नावावर आहेत. वहिनींनी दिले."

"बायकोने दिले. मी दिले का?"

"तुम्ही मढं टाकून गेला होता. ही आम्ही बनवलीय."

"माझ्याच मढ्याची बनवलीस ना?" पैलवान हसला. उठताना त्याने दाजींच्या गालावर दोनदा थोपटलं, पोराला थोपटतात तसं. "उद्या. टाकी भरून ठेव."

ताई म्हणाली, देऊन टाका. रात्रभर ती हेच म्हणत होती. दाजी म्हणाले की ज्याने पुतण्याचे दात पाडून गाडी घेतली त्याला ती पुन्हा तशीच मिळणार असेल, तर आपण एवढी वर्षं काय केलं? शेवटी ताईने दोन्ही हात जोडले. "बरं. मग मारामारी करू नका. पोलिसात जा." दाजी सकाळी पोलिसांत जाऊन आले. तिथल्या हवालदाराने सांगितलं, अजून काही झालेलं नाही, झालं की या.

पैलवान दुपारी दोन माणसं आणि एक लोखंडी पाइप घेऊन आला. माणसांनी फाटक आतून लावलं. रेडिओ शेडच्या तोंडाशी एका व्हॅनच्या दारामागे बसला होता, डाव्या मुठीत ठोकळा होता. दाजींनी किल्ली द्यायला नकार दिला. पैलवानाने मान डोलावली, जणू त्याला हेच अपेक्षित होतं. तो गाडीकडे वळला आणि त्याने पाइप पुढच्या काचेवर घातला. काचेचा चुरा दोन्ही सीटवर पडला.

"माझी नाही ना? मग कुणाचीच नाही."

ताई धावली. एका माणसाने तिचे केस धरून तिला मागे ओढलं. तिच्या हाताशी थिनरचा डबा होता. तिने तो त्याच्या डोळ्यांत रिकामा केला. तो किंचाळत पाण्याच्या पिंपात डोकं बुडवायला पळाला. दुसरा दाजींच्या अंगावर गेला. दाजींनी हातोडीच्या दांड्याने त्याच्या पोटात ढोसलं आणि तो वाकल्यावर गुडघ्याने त्याचं नाक फोडलं. तेवढ्यात पैलवानाने पाइप बॉनेटवर घातला. बॉनेटच्या मधोमध वाटीएवढा खड्डा पडला.

तो आवाज पोकळ होता. दाजींना तो सहन झाला नाही. ते धावत आले आणि पैलवानाने थांबावं म्हणून त्यांनी मडगार्डवर हातोडी आपटली. दोनदा.

रेडिओ उठला होता, बहिणीला सोडवायला. तो नेमका पैलवानाच्या मागे होता. पैलवान पुन्हा पाइप उचलत होता, दाजींची हातोडी त्याच्या तोंडावर येत होती, आणि रेडिओचा डावा हात पुढे झाला. ठोकळा पैलवानाच्या डोक्याला मागून टेकला.

आवाज भरीव आला. ठोका बरोबर बसल्यावर येतो तसा. दोघांनीही तो ओळखला आणि दोघेही जागच्या जागी थांबले, कारण त्या आवाजानंतर पुढच्या खुणेची वाट बघायची असते. पैलवान त्यांच्या मधून खाली सरकला. नाकातून आणि कानांतून रक्त आलं. पाइप घरंगळत फाटकापर्यंत गेला.

पोलिसांनी रेडिओला विचारलं, तू मागून का धरलंस? तो म्हणाला, "दोन ठोके पडले." तो थट्टा करतोय असं वाटून त्याला मारण्यात आलं. त्याने तेच पुन्हा सांगितलं. पुन्हा मारण्यात आलं. त्यात त्याचा एक दात गेला.

खटल्यात डॉक्टरांची साक्ष सगळ्यात महत्त्वाची ठरली. समोरचा घाव मोठा होता, पण त्याने माणूस मेलाच असता असं नाही, ते म्हणाले. डोकं मागे गेलं असतं, हाड मोडलं असतं, कदाचित वाचलाही असता. पण मागे लोखंड होतं. डोक्याला जायला जागा नव्हती. म्हणजे ज्याने घाव घातला नाही त्याच्यामुळे माणूस मेला.

दाजींच्या वकिलाला वाटलं, कामाची पद्धत न्यायाधीशांना प्रत्यक्ष दाखवली तर हात कसा आपोआप जातो ते त्यांना पटेल. कोर्टाच्या आवारात गाडीचं एक जुनं दार आणून उभं केलं. बेड्या काढल्या. दाजी एका बाजूला, रेडिओ दुसऱ्या. दाजींनी दोन ठोके दिले, ठोकळा जागेवर आला, हातोडी पडली. ते पुढे सरकत गेले आणि दाराचा खड्डा सगळ्यांच्या देखत सपाट झाला. एकमेकांकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. बघायला जमलेल्या कारकुनांपैकी कुणी तरी टाळी वाजवली.

सरकारी वकील म्हणाले, आपण यांचे आभार मानतो. हे दोघे किती संगनमताने काम करतात हे आपण कितीही साक्षीदार आणून दाखवू शकलो नसतो.

पैलवानाच्या बायकोलाही बोलावलं होतं. गाडी तिने राजीखुशीने दिली का, एवढंच तिला सांगायचं होतं. ती म्हणाली, "गाडी मी दिली होती. माणूस नव्हता दिला."

दोघांना सारखीच शिक्षा झाली. तुरुंगात त्यांना वेगवेगळ्या बराकींत ठेवलं. पैलवानाच्या माणसांपैकी एक जण आधीच आत होता. जेवणाच्या रांगेत त्याने घासून टोक काढलेला चमचा दाजींच्या गळ्यात खुपसला. रेडिओला हे दुसऱ्या दिवशी कळलं. अंत्यविधीला त्याला सोडलं नाही.

बाहेर ताईने एकटीने गॅरेज चालवलं. एका माणसाच्या हाताने मोठा पत्रा सरळ होत नाही, म्हणून ती स्कूटर आणि सायकली रंगवायला घ्यायची. गाडी पोलिस ठाण्याच्या आवारात मुद्देमाल म्हणून उघड्यावर पडली होती. डॅशबोर्डचं घड्याळ आणि दोन्ही आरसे कुणी तरी काढून नेले, टपात उंदरांनी घर केलं. ताई कोर्टाचे उंबरठे झिजवत राहिली आणि शेवटी तिने ती ताब्यात घेतली. त्याच शेडमध्ये ठेवली. काच नवी बसवली. बॉनेटचा खड्डा मात्र तसाच राहिला.

रेडिओ सुटून आला तेव्हा ताईने गाडी विकायचं ठरवलं होतं. "थिएटरवाला गेला, पुतण्याचा मित्र गेला, पैलवानाने आगीत टाकलेला गेला, पैलवान गेला, आपलं माणूस गेलं," ती म्हणाली. "आता ही जाऊ दे." विकायची नाही, हा दाजींचा शब्द होता. रेडिओ शेडमध्ये जाऊन गाडीची दोन्ही दारं उघडून बंद करून आला.

गिऱ्हाईक आलं. जुन्या गाड्यांचा संग्रह करणारा माणूस, स्वच्छ नखं, बोलायला गोड. त्याला गाडीची सगळी हकीकत माहीत होती आणि त्यासाठीच ती हवी होती.

"इतिहास असलेली गाडी मिळत नाही हो सहसा," तो म्हणाला. "गोळीचं भोक कुठे आहे?"

"भरलं," ताई म्हणाली.

"अरेरे. ते परत नाही का करता येणार?"

"येईल की. कुठल्या मापाची गोळी हवी?"

तो हसला. ताई हसली नाही. मग त्याने बॉनेटवरून हात फिरवला. बाकी सगळं ठीक आहे, म्हणाला, पण हे सरळ करून द्यावं लागेल. प्रदर्शनात असा खड्डा बरा दिसत नाही. आणि दुसरं बॉनेट नको, हेच हवं, दाजींच्या हातचं. सरळ झालं की आपण गाडी नेऊ. नाही झालं तर घेता येणार नाही.

तो गेल्यावर ताईने भिंतीवरची हातोडी उतरवली. हातोडी तिने कधी धरली नव्हती, पण आयुष्यभर पाहिली होती. रेडिओने बॉनेट उचललं, त्याखाली काठीचा टेकू दिला आणि ठोकळा घेऊन वाकून आत गेला. त्याचा हात खड्ड्यामागे गेला.

ताईने दोन ठोके दिले. ठोकळा टेकला. तिने हातोडी उचलली आणि जोर लावून खाली आणली.

आवाज पोकळ आला. खड्ड्याच्या कडेला पत्रा चिरला आणि चिरेतून रेडिओचं कपाळ दिसलं.

"अरे, काय केलंस?"

तो बाहेर आला. मूठ उघडून बघत होता. "हात आपोआप निघाला," तो म्हणाला.

ताईने हातोडी खाली ठेवली. तिची नजर त्याच्या फाटक्या कानावर गेली.

"तेव्हा निघायला हवा होता," ती म्हणाली.

तिने गिऱ्हाइकाला फोन करून गाडी मिळणार नाही असं कळवलं. त्याने कारण विचारलं. पत्रा फाटला, ती म्हणाली आणि फोन ठेवून स्कूटर रंगवायला गेली. गाडी शेडमध्येच आहे. चिरेतून पाणी आत जाऊ नये म्हणून रेडिओने बॉनेटवर एक डबा उपडा घातला आहे.